बांबू आणि प्लास्टिकचा कठडा : धडक सोसण्याची खरी कसोटी कोणती?

बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडला, की बळ्ळारी रस्ता विमानतळाच्या दिशेने निघतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ चा हा भाग आहे. हाच महामार्ग पुढे अनंतपूर, हैदराबाद आणि आदिलाबादमार्गे उत्तरेकडे जातो व पैनगंगा ओलांडून महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यात प्रवेश करतो. हेब्बाळजवळच्या उन्नत मार्गावर वाहनांना काँक्रीटच्या कठड्यांची सोबत असते. तिकडे उत्तरेला, यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा यांना जोडणाऱ्या रस्त्यावर मात्र मार्च २०२३ मध्ये एका वेगळ्याच कठड्याची उभारणी झाली. हा कठडा बांबूचा असून त्यावर पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचे आवरण आहे.

बांबूपासून बनवलेला हा जगातील पहिलाच धडकरोधक कठडा, म्हणजे क्रॅश बॅरियर, असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री नितीन गडकरी यांनी ४ मार्च २०२३ रोजी जाहीर केले. त्याची लांबी २०० मीटर असून त्याला 'बाहु बल्ली' असे नाव देण्यात आले. पोलादाला हा उत्तम पर्याय ठरेल, पर्यावरणाची चिंता दूर होईल आणि बांबू उद्योगाला चालना मिळेल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त करण्यात आली होती.

ही अपेक्षा स्वागतार्ह असली, तरी रस्त्याकडेच्या कठड्याचे मूल्यमापन शेवटी एकाच प्रश्नाच्या आधारे करावे लागते. भरधाव वाहन त्यावर आदळल्यास आतील माणसे वाचतात का, हा तो प्रश्न होय. नव्या साहित्याच्या कौतुकात तो मागे पडू नये, यासाठी या प्रयोगाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

कठड्याची रचना

या कठड्यासाठी 'बांबुसा बाल्कोआ' या जातीचा बांबू वापरण्यात आला आहे. जाड भिंतीचा आणि मजबूत समजला जाणारा हा बांबू मूळचा ईशान्य भारत व बंगालच्या परिसरातील आहे. वाळवी, भुंगे आणि बुरशी यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यावर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया केली जाते. त्यानंतर त्यावर उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे, म्हणजेच एचडीपीई या प्लास्टिकचे आवरण चढवले जाते.

सरकारी माहितीनुसार, या कठड्याच्या चाचण्या इंदूरजवळच्या पिथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रासह विविध सरकारी संस्थांमध्ये घेण्यात आल्या. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने घेतलेल्या अग्निचाचणीत त्याला प्रथम श्रेणी मिळाली आणि इंडियन रोड्स काँग्रेसनेही त्याला मान्यता दिली. बांबूच्या कठड्याचे पुनर्वापर मूल्य ५० ते ७० टक्के, तर पोलादी कठड्याचे ३० ते ५० टक्के असल्याचेही त्या वेळी सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, मोकाट जनावरे महामार्गावर येऊ नयेत यासाठी याच साहित्याचे १.२० मीटर उंचीचे कुंपण राष्ट्रीय महामार्ग ३० वर उभारण्याची घोषणा झाली.

मार्चमधील निवेदनात चाचणी घेणाऱ्या संस्थांची नावे होती. मात्र, कोणत्या वजनाचे वाहन, किती वेगाने आणि कोणत्या कोनातून या कठड्यावर आदळवण्यात आले, याचा उल्लेख त्यात नव्हता. धडकरोधक कठड्याच्या बाबतीत नेमके हेच आकडे महत्त्वाचे असतात.

अडवणे आणि ऊर्जा शोषणे

कठड्याचे काम वाहनाला अडवण्याचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. झाड किंवा पुलाचा खांबही वाहनाला अडवतो, परंतु अशी धडक बहुधा जीवघेणी ठरते. दीड टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा कोठेतरी खर्ची पडल्याशिवाय मोटार थांबत नाही. ती ऊर्जा पत्रा वाकण्यात, माती विस्थापित होण्यात आणि घर्षणात खर्ची पडली, तर माणसे वाचण्याची शक्यता वाढते.

त्यात थांबण्याचे अंतरही निर्णायक ठरते. ताशी १०० किलोमीटर वेगातील वाहन अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर प्रवाशांना सरासरी सुमारे ८० 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८० पट, झटका बसतो. तेच वाहन दोन मीटरच्या अंतरात थांबले, तर हा झटका सुमारे २० 'जी'पर्यंत खाली येतो. वेग तोच आणि वाहनही तेच असले, तरी दीड मीटरच्या अधिक अंतरामुळे परिणाम पूर्णपणे बदलतो.

चांगला कठडा वाहनाला समोरून थांबवत नाही. तो वाहनाची बाजूची गती हळूहळू शोषून घेतो आणि वाहनाला पुन्हा रस्त्याच्या दिशेने वळवतो. या दृष्टीने कठड्यांचे तीन प्रकार केले जातात. काँक्रीटचा कठडा ताठ असतो, तो स्वतः जवळजवळ हलत नाही. खांबांवर बसवलेली पन्हळी पोलादी पट्टी अर्धताठ असते, ती वाकते आणि ताणली जाते. ताणलेल्या तारांच्या दोरांचा कठडा लवचीक असतो आणि तो सर्वाधिक मागे सरतो. जेथे कठड्यामागे लगेच दरी किंवा समोरून येणारी वाहतूक असते, तेथे लवचीक कठडा चालत नाही. जेथे मागे मोकळी जागा असते, तेथे ताठ कठडा प्रवाशांना विनाकारण अधिक मोठा झटका देतो. त्यामुळे बांबूचा कठडा यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो आणि धडकेनंतर तो किती मागे सरतो, हे कळल्याशिवाय त्याची योग्य जागा ठरवता येत नाही.

लाकूड आणि प्लास्टिक एकत्र का?

लाकूड व बांबू यांची अंतर्रचना धडक शोषण्याच्या दृष्टीने अनुकूल असते. पोकळ पेशी चिरडल्या जाताना आणि तंतू एकमेकांपासून विलग होताना बरीच ऊर्जा खर्च होते. वजनाच्या तुलनेत बांबूची ताणशक्तीही मोठी असते. मात्र, ही ताकद तंतूंच्या दिशेनेच मिळते. आडव्या दिशेने बांबू सहज फाटतो. शिवाय मऊ पोलाद तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या २० टक्क्यांहून अधिक ताणले जाऊ शकते, तर बांबू अगदी थोड्या ताणानंतर तुटतो. नुसत्या बांबूचा कठडा धडकेत मोडला, तर त्याचे टोकदार तुकडे वाहनात शिरण्याचा धोका असतो.

येथे प्लास्टिकची उपयुक्तता दिसून येते. एचडीपीई चिवट असल्याने फुटलेल्या बांबूचे तुकडे आवरणात धरून ठेवण्यास त्याची मदत होते. ते पाणी आत शिरू देत नाही आणि प्रक्रियेसाठी वापरलेले तेल बाहेर झिरपणेही त्यामुळे कमी होते. लाकडाचा ताठपणा आणि प्लास्टिकचा चिवटपणा यांचा मेळ घालणे, हे अशा सर्व संमिश्र पदार्थांमागील मुख्य सूत्र आहे.

या विषयाशी बंगळूरचा जुना संबंध आहे. हेब्बाळपासून काही किलोमीटरवर मल्लेश्वरम येथे लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ मध्ये वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून तिची स्थापना झाली होती. लाकडाचा भुसा किंवा बांबूचे तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून तयार होणाऱ्या संमिश्र पदार्थांवर या संस्थेत संशोधन झाले आहे. बंगळूरमध्येच भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने बांबूच्या चटयांपासून फळ्या आणि छपराचे पन्हळी पत्रे विकसित केले. म्हणजेच बांबूला अभियांत्रिकी साहित्य म्हणून घडवण्याचे ज्ञान देशात उपलब्ध आहे.

या संशोधनातून समोर आलेल्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. लाकूड पाण्याकडे ओढले जाते, तर पॉलिएथिलीन पाण्याला दूर ठेवते. त्यामुळे जोडद्रव्य वापरल्याशिवाय दोहोंची पकड घट्ट बसत नाही. तापमान वाढले, की पॉलिएथिलीन मऊ होते आणि बांबूपेक्षा अधिक प्रसरण पावते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते कालांतराने ठिसूळ होते. ते टाळण्यासाठी त्यात काजळीसारखी द्रव्ये मिसळावी लागतात. चंद्रपूर आणि यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर त्यापाठोपाठ मुसळधार पाऊस येतो. अशी काही वर्षे गेल्यानंतर त्याच कठड्याची ताकद किती उरते, हे तपासणे नव्या कठड्याच्या चाचणीइतकेच आवश्यक आहे.

चाचणीची काटेकोर भाषा

रस्त्याकडेच्या कठड्यांसाठी युरोपात ईएन १३१७ हे मानक वापरले जाते. त्यातील एन-२ या श्रेणीसाठी ९०० किलोग्रॅमची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने आणि १५०० किलोग्रॅमची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने, २० अंशांच्या कोनातून कठड्यावर आदळवली जाते. यातील मोठ्या मोटारीच्या धडकेत कठड्याला बाजूच्या दिशेने सुमारे ८२ किलोज्यूल ऊर्जा सोसावी लागते. एच-२ या श्रेणीसाठी १३ टनांची बस ताशी ७० किलोमीटर वेगाने आदळवतात. तेथे हा आकडा सुमारे २८७ किलोज्यूल, म्हणजे साडेतीन पट होतो. मोटारीला रोखणारा कठडा बसला रोखेलच, असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

छोट्या गाडीची चाचणी मुद्दाम घेतली जाते. जड वाहनाला रोखण्याइतका ताठ कठडा हलक्या वाहनातील प्रवाशांसाठी घातक तर ठरत नाही ना, हे तिच्यातून तपासले जाते. भारतातही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये आयआरसी ११९ या क्रमांकाने रस्त्यावरील सुरक्षा कठड्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

लाकूड आणि प्लास्टिकचा या क्षेत्रातील वापर पूर्णपणे नवा नाही. अमेरिकेत पोलादी पट्टी आणि खांब यांच्यामध्ये एक ठोकळा बसवला जातो. वाहनाचे चाक खांबात अडकू नये, हा त्यामागील हेतू असतो. हे ठोकळे पूर्वीपासून लाकडाचे असत. पुढे पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचे आणि संमिश्र पदार्थांचे ठोकळेही वापरात आले. एवढ्या लहान भागाचे साहित्य बदलतानाही तेथील केंद्रीय महामार्ग प्रशासनाकडे त्याच्या पात्रतेचा पुरावा सादर करण्याची पद्धत होती. फ्रान्समध्ये पोलादी गाभ्याला लाकडाचे आवरण असलेले कठडे निसर्गरम्य रस्त्यांवर दिसतात. तेथे लाकूड आणि पोलाद एकमेकांना पूरक म्हणून वापरले जातात.

किरकोळ वाटणारा बदलही किती वादग्रस्त ठरू शकतो, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. तेथील एका उत्पादकाने २००५ मध्ये कठड्याच्या टोकाला बसवायच्या यंत्रणेतील एका भागाची रुंदी पाच इंचांवरून चार इंच केली आणि ही बाब नियामकाला त्या वेळी कळवली नाही. २०१४ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या विरोधात कौल दिला. नियामकाने माहिती मिळाल्यानंतरही मान्यता कायम ठेवली होती, हे लक्षात घेऊन २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयात निकाल काहीही लागला असला, तरी एका इंचाच्या फरकावरून देशभर चर्चा झाली आणि त्या यंत्रणेच्या नव्याने चाचण्या घ्याव्या लागल्या. येथे तर संपूर्ण साहित्यच बदलत आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

कठड्याचा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांची मोटार पुलाच्या सुरुवातीच्या काँक्रीट कठड्यावर आदळली होती. मागील आसनावरील दोघांनी पट्टा लावला नसल्याचे पोलिसांनी सांगितले होते. त्यासोबतच पुलाच्या रचनेबद्दलही प्रश्न उपस्थित झाले. कठडा जेथे सुरू होतो ते टोक उघडे असेल, तर तो संरक्षण देण्याऐवजी स्वतःच धोका बनतो, ही बाब या अपघाताने पुन्हा अधोरेखित केली.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस खांबाला व दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. त्यात २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. बससारख्या जड वाहनाची धडक आणि धडकेनंतरची आग हे दोन्ही धोके येथे एकाच वेळी दिसून आले. बांबू आणि प्लास्टिक हे दोन्ही ज्वलनशील पदार्थ असल्याने अग्निचाचणीतील प्रथम श्रेणी ही या कठड्याच्या दृष्टीने महत्त्वाची जमेची बाजू आहे. मात्र, प्रयोगशाळेत नमुन्याला मिळालेली श्रेणी आणि सांडलेल्या डिझेलच्या आगीत सापडलेला कठडा या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

दुचाकीस्वारांचाही विचार करावा लागेल. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजार २२४ होती. युरोप आणि अमेरिकेतील कठड्यांची मानके प्रामुख्याने चारचाकी वाहने डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली आहेत. पोलादी पट्टीची धारदार कड आणि उघडे खांब घसरत आलेल्या दुचाकीस्वाराला गंभीर जखमी करतात. गोलाकार आणि प्लास्टिकचे आवरण असलेला बांबू या बाबतीत अधिक सौम्य ठरण्याची शक्यता आहे. ही शक्यता खरी ठरली, तर भारताच्या दृष्टीने तो या कठड्याचा सर्वांत मोठा गुण असेल. त्यासाठी मात्र तशी स्वतंत्र चाचणी घ्यावी लागेल.

पर्यावरण आणि शेतकरी

पर्यावरणाच्या दाव्यांचाही तपशीलात विचार करणे योग्य ठरेल. एक टन पोलाद तयार करताना साधारणपणे दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उलट बांबू वाढताना कार्बन शोषून घेतो. या दृष्टीने बांबूची बाजू भक्कम आहे. पोलादी पट्ट्या भंगारासाठी चोरीला जातात, ही महामार्गांवरील जुनी डोकेदुखी आहे. बांबूला भंगाराचा बाजार नसल्याने ती कमी होऊ शकते.

पुनर्वापराच्या टक्केवारीबाबत मात्र सावधगिरी हवी. पोलाद वितळवून पुनःपुन्हा वापरता येते आणि जगात सर्वाधिक पुनर्वापर होणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. याउलट तेल मुरलेला बांबू आणि त्याला चिकटलेले प्लास्टिक वेगळे करणे सोपे नाही. क्रिओसोट हे डांबरापासून मिळणारे तेल रेल्वेचे लाकडी स्लीपर आणि तारेचे खांब टिकवण्यासाठी दीर्घकाळ वापरले गेले. परंतु, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केला आहे. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांना त्याची विक्री करण्यास बंदी घातली आहे. त्यामुळे अपघातात मोडलेल्या कठड्याचे तुकडे गावातील चुलीपर्यंत पोहोचणार नाहीत, याची व्यवस्था प्रथमपासूनच असायला हवी.

विदर्भातील शेतकऱ्यांसाठी या उपक्रमाचे आकर्षण स्वाभाविक आहे. वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून वगळण्यात आला आणि तोडणी व वाहतुकीचे अडथळे कमी झाले. २०१९ मध्ये राज्य सरकारने अटल बांबू समृद्धी योजना आणली. मात्र, चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलात नैसर्गिकरीत्या वाढणारा मानवेल आणि काटस बांबू बाल्कोआहून वेगळा आहे. कठड्यासाठी बाल्कोआच लागणार असेल, तर त्याची लागवड करून काही वर्षे थांबावे लागेल. त्या काळात कठड्याची मागणी टिकून राहील, याची खात्री शेतकऱ्याला मिळणे आवश्यक आहे. अन्यथा घोषणेच्या भरवशावर लागवड करणाऱ्याला बाजार शोधत फिरावे लागेल.

पुढील वाटचाल

वणी-वरोरा रस्त्यावरील प्रयोग टाकाऊ ठरवण्याचे कोणतेही कारण नाही. उलट स्थानिक साहित्यातून सुरक्षेचे साधन घडवण्याचा तो एक धाडसी प्रयत्न आहे. असे प्रयोग आधी लहान लांबीवर करून पाहणे हेच शहाणपणाचे असते. प्रश्न आहे तो प्रयोगातून मिळालेले ज्ञान सार्वजनिक करण्याचा.

या कठड्याचा वापर वाढवताना चार बाबी जाहीर होणे उचित ठरेल. पहिली, धडकचाचणीतील वाहनांचे वजन, वेग, कोन आणि प्रवाशांना बसलेल्या झटक्याचे मोजमाप. दुसरी, धडकेनंतर कठडा किती मागे सरतो आणि त्यामुळे तो कोणत्या ठिकाणी वापरू नये, याची माहिती. तिसरी, ऊन व पाऊस सोसलेल्या जुन्या कठड्याची पुन्हा घेतलेली चाचणी. चौथी, कठड्याची टोके, सांधे आणि मोडलेला भाग बदलण्याची जबाबदारी कोणाची, याचा स्पष्ट उल्लेख. शेवटचा मुद्दा दुर्लक्षित राहण्याची शक्यता अधिक असते. पोलादी पट्टी वाकलेली दुरूनही दिसते, परंतु आवरणाच्या आत तडकलेला बांबू बाहेरून शाबूत दिसू शकतो.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन २०० मीटरचा कठडा अवघ्या सात सेकंदांत मागे टाकते. बहुतेक प्रवाशांना तो दिसणारही नाही. एखाद्या रात्री एखाद्या चालकाचा डोळा लागेल आणि त्या क्षणी कठडा कशाचा आहे, यापेक्षा तो किती ऊर्जा सोसतो, यावर वाहनातील माणसांचे प्राण अवलंबून असतील. हेब्बाळ असो वा वणी, त्या प्रवाशाला त्याचे उत्तर आधीच मिळालेले असले पाहिजे.